वाढली की वाढवली

परतवाड्याला जमीन हादरली ही बातमी मला परतवाड्याहून नाही, अकोल्याहून कळली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परतवाड्याला राहायची माझी मोठी बहीण, आमची अक्का, एकटी. अकोल्याला राहतो तिचा मुलगा, माझा भाचा, बायको-लेकराला घेऊन, फ्लॅटमध्ये. आणि मी अमरावतीला. आता घर हललं अक्काचं, तर मला फोन अक्कानं करायला हवा की नाही? पण फोन भाच्याचा.

"मावशी, ऐकलं का? आईकडे भूकंप झाला."

"कोण म्हणते?"

"आईच म्हणते. मांडणीवरचे भांडे वाजले म्हणे. मधल्या खोलीच्या भिंतीले भेग पडली. मी म्हणून राहिलो, तिले आता अकोल्याले घेऊन येतो. तिथं एकटीनं राहणं बरोबर नाही."

बघा बरं. पहिल्या वाक्यात भांडी वाजली, दुसऱ्यात भेग पडली, आणि तिसऱ्यात आई अकोल्याला पोचलीसुद्धा. इतक्या घाईनं आमच्या डेपोतली एसटी सुटत नाही.

माझ्या संशयाला कारण होतं. अक्काचं घर चार खोल्यांचं, भाऊजी लाकडाच्या डेपोत नोकरीला होते तेव्हा त्यांनी बांधलेलं. बांधलं तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या. आता समोरून मोठा रस्ता गेला आहे आणि दोन्ही अंगांना दुकानं आली आहेत. असं घर कुणाच्याही डोळ्यात भरेल. भाऊजी गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांसमोर अक्का म्हणाली होती, "मी या घरातून चौघांच्या खांद्यावरच निघीन. त्याच्या आधी कोणी मले चाल म्हणू नका." सगळे गप्प झाले होते. मी तेवढी मोठ्यानं म्हणाले होते, "शाबास." तेव्हापासून भाच्यानं तो विषय काढला नव्हता. आता त्याला भूकंप सापडला, असं मला वाटलं.

मी अक्काला फोन लावला.

"काय झालं वं अक्का?"

"काही नाई. डंपरनं गिट्टी ओतल्यासारखा आवाज आला अन् पाय थरथरले. सारी गल्ली बाहेर आली."

"अन् भेग?"

"आहे ना भेग," अक्का म्हणाली आणि विषय बदलून माझ्या गुडघ्याची चौकशी करू लागली.

मी सातवी शिकले. पुढचं सगळं माझं मी. सासरी आले तेव्हा जवळ रद्दीचं दुकान होतं, तिथून मुलांच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणून वाचायची सवय लागली, ती अजून आहे. आता फोनवरही पाहते. पण माझी वाचायची पद्धत जरा वेगळी. पुस्तकात लिहिलं म्हणून मी मानत नाही. आधी विचारते, तुला कुणी सांगितलं?

भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचं चित्र होतं, कापलेल्या अंड्यासारखं. वर पातळ भूकवच, त्याखाली जाडजूड प्रावरण, आणि मध्ये गाभा, बाहेरचा वितळलेला आणि आतला घट्ट. मी म्हटलं, कोण गेलं होतं बघायला? आपल्याकडे बोअर थोडं खोल न्यायचं तर मशीनवाला हात टेकतो, आणि हे निघाले गाभ्यापर्यंत. पुढं वाचलं तेव्हा कळलं, कुणीच गेलं नाही. भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात. काही लहरी द्रवातून जातच नाहीत, अडतात. काही वाकतात, काही उशिरा पोचतात. जगभर ठेवलेली यंत्रं ते टिपतात, आणि त्यावरून माणसं ओळखतात की आत कुठं काय असेल. तेव्हा मात्र मी पुस्तकाला मान दिला. उन्हाळ्याच्या तोंडावर आपण माठ घ्यायला जातो तेव्हा वेगळं काय करतो? बोटानं टकटक करतो, कान लावतो. आवाज खणखणीत आला तर घेतो, बद्द आला तर परत ठेवतो. आत डोकावायची गरज नसते. ही माणसं पृथ्वीचा माठ वाजवून बघतात, फक्त टकटक करायला भूकंपाची वाट पाहावी लागते.

मग आल्या त्या प्लेटा. भूपट्ट म्हणतात पुस्तकात. भूकवच आणि त्याखालचा घट्ट थर मिळून मोठमोठे तुकडे झालेले आहेत, आणि ते सरकत असतात. आपला तुकडा उत्तरेकडे चालला आहे, हिमालयाला ढुसण्या देत. वेग म्हणाल तर आपली नखं वाढतात तेवढा. तुकड्यांच्या काठांवर घासाघीस जास्त, म्हणून भूकंप तिथं जास्त. हे वाचून माझा संशय उलट पक्का झाला. परतवाडा कुठं काठावर आहे? आपण वऱ्हाडातले लोक तुकड्याच्या पार मध्ये. मग इथं जमीन कशाला हलेल?

त्याचंही उत्तर निघालं, पण वेळ लागला. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे फार पूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. पण सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन त्याच्याही आधीपासून तुटलेली आहे. त्या तुटीच्या एका अंगाला डोंगर उंच राहिले, दुसऱ्या अंगाला पूर्णेचं खोरं खचलं आणि गाळानं भरलं. खारपाणपट्टा म्हणतो तो तिथलाच, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही तो. काठावर ढुसण्या बसतात, त्यांचा ताण मध्येही पोचतो, आणि जुनी शिवण असेल तिथं जरा उसवते. म्हणजे अक्काकडे जमीन हलली हे खोटं नव्हतं. एवढं मी भाच्याच्या खात्यावर खरं म्हणून मांडलं. बाकीचं बघायचं होतं.

मी त्याला फोन केला.

"काय रे, अकोला काय वेगळ्या प्लेटवर आहे?"

"कशाची प्लेट, मावशी?"

"तू आईले परतवाड्याहून अकोल्याले नेऊन राहिला. भूकंपाच्या भीतीनं. तं अकोल्याची जमीन कोणत्या प्लेटवर आहे ते सांग मले."

तो हसला. "मावशी, माझ्यापुढं आत्ता कचोरीची प्लेट आहे. तेवढीच मले माहीत."

"ते पूर्णेचं खोरं तुमच्यापर्यंत येते. तिकडेबी कधी हलू शकते."

"हलू दे ना. मग सारे मिळून हलू."

हे उत्तर मी टाळाटाळीत धरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोनवर एक निरोप पुढं पाठवला, अमुक दिवशी मोठा भूकंप येणार, सावध राहा. मी त्याला लिहिलं की भूकंपाची तारीख आजवर कुणाला सांगता आलेली नाही, आणि ज्याला सांगता येते असं तो म्हणतो त्याचा काहीतरी डाव असतो. त्यावर त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शरण येणारा माणूस असा चटकन शरण येत नाही. मी आणखी सावध झाले.

त्यातच अक्का बोलता बोलता म्हणाली, "परवा एक माणूस येऊन गेला. यानं धाडला होता. टेप घेऊन."

"टेप घेऊन? काय मोजलं?"

"खोली मोजली. दरवाजे मोजले. चहा घेतला अन् गेला."

"दलाल असन तो, अक्का."

"दलाल नव्हता वाटत. कानावर पेन्सिल होती."

"दलालाच्याबी कानावर पेन्सिल राहू शकते."

मी दुसऱ्या सकाळी परतवाड्याची गाडी धरली.

भेग होती. मधल्या खोलीत, छतापासून खाली आलेली, वर रुंद आणि खाली येता येता केसासारखी. मी खुर्चीवर चढले आणि मोबाइलचा दिवा भेगेत पाडला. भिंतीला आता पिवळा रंग आहे. भेगेच्या आत निळा दिसला. चुन्यात नीळ घालून देत ना पूर्वी, तो. खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, आगपेटीच्या जळक्या काड्या खुपसलेल्या, त्यांच्यावरही तोच निळा हात फिरलेला. एखाद्या रंगाऱ्यानं भेग बुजवायला घातल्या असतील असं मी धरलं. माझं लक्ष निळ्या रंगावर होतं. भिंत निळी होती तेव्हा भाऊजी होते, भाचा अर्ध्या चड्डीत होता. म्हणजे ही भेग तेव्हाचीच. धक्क्यानं पडलेली नाहीच.

ती का पडली असेल तेही मला कळलं. घर काळ्या मातीवर. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच घराखालीही कुरबुर चालते. एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, आणि भिंत मधोमध उलते. नंतर भाऊजींनी घराभोवती फरशी टाकून घेतली, पाणी आत जायचं थांबलं, भेगही असेल तिथं थांबली. आपल्याकडच्या निम्म्या घरांची हीच कथा.

"अक्का, ही भेग जुनी आहे."

"असन."

"असन काय? तुले माहीत नव्हतं?"

"मी काय भिंतीकडे पाहत बसते का? पोळी खाऊन घे आधी."

मला मात्र पुरावा हवा होता, भाच्यापुढं ठेवायला. इंजिनिअर लोक भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, असं मी पाहिलं होतं. भेग हलली की काच टिकत नाही. काचेची पट्टी कुठून आणणार? अक्कानं कपाटातून डबा काढला. भाच्याच्या लग्नात भरून उरलेल्या हिरव्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या. त्यातल्या तीन बांगड्या अर्ध्या केल्या आणि प्रत्येकीचा एक तुकडा पांढऱ्या सिमेंटनं भेगेवर आडवा बसवला. एक वर छताजवळ, त्यासाठी मी पुन्हा खुर्चीवर चढले. एक डोळ्यांच्या उंचीवर. एक कमरेशी. भिंतीलाच चुडा भरल्यासारखं दिसत होतं.

"आता यातली एखादी वाढली की मले लगेच फोन करजो," मी म्हणाले.

नव्या मुलींना सांगायला हवं. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, ते अशुभ. वाढली म्हणतो. आमच्या तोंडात ते इतकं बसलेलं आहे की भिंतीवरची बांगडीही आमच्यासाठी वाढणारच होती.

घराला काही झालेलं नाही असं गल्लीत चार जणींना सांगून मी अमरावतीला परत आले. त्यानंतर परतवाड्याला दोनदा जमीन गडगडली. एकदा दुपारी, एकदा दिवेलागणीला. दोन्ही वेळा मीच फोन केला.

"बांगड्या?"

"आहेत तशाच," अक्का म्हणाली.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"पाहिलं ना. घर पक्कं आहे. तुले कोणी हलवू शकत नाही."

"बरं झालं वं," अक्का म्हणाली. तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. मी म्हटलं, थंडी असेल. मी इतकी खुशीत होते की भाच्याला फोन करून सगळं ऐकवलं. निळा चुना, काळी माती, तीन बांगड्या.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मावशी, तू पोलिसात कावून नाही गेली?"

"तुह्या नशिबानं."

"माझ्या नाही," तो म्हणाला. "आईच्या." आणि ठेवला फोन. हे काय बोलला, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. धमकी आहे की काय एवढंच मनात आलं.

त्यानंतर एका शांत, कोरड्या दुपारी अक्काचा फोन आला. "वाढली वं. खालची."

"धक्का बसला का?"

"नाई. आपोआपच."

मी बुचकळ्यात पडले. धक्का बसला तेव्हा टिकली आणि काही नसताना वाढली? बरं, भेग रुंद वर आहे. हलायचं तर आधी वर हलेल. वरचीला काही नाही आणि खालची गेली? भाचा येऊन गेला की काय, असं मी विचारलंसुद्धा. अक्का म्हणाली, नाही. मला ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी अक्का घाईत बोलली. "आता भेव वाटून राहिलं मले. मधलीबी वाढवली."

मी म्हणाले, "काय म्हणाली?"

"मधली. वाढली म्हणते."

"नाही. वाढवली म्हणाली तू."

फोनवर मागं तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

वाढली म्हणजे तिची ती. वाढवली म्हणजे कुणीतरी. एवढ्या एका अक्षरासाठी मी पुन्हा परतवाड्याच्या गाडीत बसले. आजवर मी भाच्याला सोडून दुसऱ्या कुणावर संशय घेतला नव्हता, आणि आता सगळ्या वाटेत मनात जे येत होतं ते मला नको होतं.

खालचे दोन तुकडे गेलेले होते. भेग हलून काच गेली असती तर भेगेच्या रेषेवर गेली असती. इथं सिमेंटजवळून तुटली होती, आणि भिंतीच्या पिवळ्या रंगावर ठोक्याचा बारीक गोल खड्डा होता. लाटण्याच्या टोकाएवढा. वरची, छताजवळची, अगदी साबूत.

अक्का तांदूळ निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"अक्का, वरची कावून नाही वाढली?"

"मले काय माहीत. तुह्यं पुस्तक सांगन ना."

"पुस्तकात असं काही नाही. पुस्तकाच्या हिशेबानं वरची आधी जायले पाहिजे होती."

तिनं ताटलीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "वर हात नाई पुरला."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"खुर्चीवर चढली असती," ती म्हणाली. "पण पडली असती तं तू म्हणाली असती, भाच्यानं ढकललं."

मला हसू आलं आणि तिलाही आलं, पण तिचं फार टिकलं नाही.

"मले जायचं आहे वं अकोल्याले," ती म्हणाली. "मले जमिनीचं भेव नाई वाटलं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी बाहेर आली. सारी गल्ली बाहेर. जो तो आपल्या माणसाले आवाज देऊन राहिला होता. आई कुठं, बाबा कुठं, पोट्टे कुठं. माह्यं नाव कोणी नाई घेतलं. कोण घेईन? मी ओट्यापाशी उभी राहिली अन् सारे घरात गेले तशी मीबी गेली."

मी ताटलीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मीच केला त्याले फोन. भेग पडली म्हणून मीच सांगितलं. तेराव्याले एवढ्या लोकांसमोर बोलली होती, चौघांच्या खांद्यावर निघीन म्हणून. आता कोणत्या तोंडानं म्हणू, मले ने? भूकंपानं नेलं म्हणजे कोणी काही म्हणत नाई. अन् तू भिंतीले बांगड्या भरून गेली."

"टेपवाला?"

"सुतार होता. माह्यं कपाट तिथल्या खोलीत बसते का पाहाले आला होता. पोराले वाटलं, मले माह्यं कपाट सोडवणार नाई."

मी माझ्या संशयांची सगळी गाठोडी त्या खोलीत एकेक करून खाली ठेवली. निळ्या चुन्यापर्यंत माझा हिशेब बरोबर होता. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते मी माठ वाजवल्यासारखं ओळखलं होतं, आणि अक्काचा आवाज फोनवर इतक्या वेळा बद्द आला तेव्हा मला वाटलं, थंडी असेल.

आता प्रश्न होता तो अक्काच्या शब्दाचा. तो मोडायचा तर निमित्त पक्कं हवं होतं, आणि ते मोडलं होतं मीच. गल्लीत, सोयऱ्यांत, सगळ्यांना मीच सांगत सुटले होते की घराला काही झालेलं नाही.

मी तिच्यासमोरच भाच्याला फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"वाढली रे," मी म्हणाले.

"काय वाढली मावशी? भेग का बांगडी?"

अक्कानं तांदळावरचा हात थांबवला.

"वाढली म्हणलं ना. आता इथं आईले ठेवण्यात अर्थ नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहून राहिली. कपाटासाठी मोठी गाडी घेऊन ये."

तो म्हणाला, "तू म्हणतेस तं खरंच असन. उद्या निघतो." त्याच्या आवाजात हसू होतं की आणखी काही, मला ओळखू आलं नाही.

त्याच दिवशी मी शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगून आले की माझा अंदाज चुकला, भिंतीचं काही खरं नाही. एक शेजारीण म्हणाली, "तुमी तं म्हणत होत्या काळ्या मातीनं झालं." मी म्हणाले, "म्हणत होते. आता नाही म्हणत." अंदाज बरोबर असताना चुकला म्हणून सांगणं मला जरा जड गेलं, ते असो.

भाचा आला. सुतारानं मोजलेलं कपाट दारातून बरोबर निघालं. अक्कानं देव स्वतःच्या पिशवीत घेतले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली, कुणी बस म्हणायच्या आधी. सामान भरून झाल्यावर भाचा मधल्या खोलीत आला. मी तिथंच होते. त्यानं भिंतीकडे पाहिलं, खालचे दोन सिमेंटचे ठिपके पाहिले, मग मान वर करून छताजवळची हिरवी बांगडी. ती उन्हात चमकत होती.

मग तो खाली वाकला आणि भेगेतली एक काडी नखानं उपसून काढली.

"या माझ्या आहेत," तो म्हणाला. "लहानपणी आई देवाजवळ दिवा लावायची अन् मी काड्या जमा करून इथं खुपसायचो. लय मार खाल्ला याच्यापायी."

म्हणजे भेग किती जुनी, हे त्याला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

"सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलंच नाही मावशी. तू प्लेटबद्दल विचारत होती."

कोपऱ्यात गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. ते त्यानं काढलं, छताजवळ जुना खिळा होता त्याला अडकवलं, बांगडी झाकली जाईल असं. हात त्याचा सहज पुरला. बाहेरून अक्काचा आवाज आला. ती आम्हा दोघांना नावानं हाका मारत होती, चला म्हणून.